माझी नणंद कुत्र्यांचे दात साफ करते

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका सकाळी दोन फोटो आले. पहिल्यात एका बारक्या कुत्र्याचे दात होते, हिरडीपर्यंत पिवळ्या-तपकिरी किटणाने लिंपलेले. दुसऱ्यात तेच दात पांढरेशुभ्र आणि हिरडी गुलाबी. खाली माझ्या नणंदेने लिहिलं होतं, ‘आजची पेशंट. फार शहाणी मुलगी.’ तासाभरात टाळ्यांची आणि हृदयांची रांग लागली. ज्या मावससासूबाई कुणाच्या वाढदिवसालाही काही लिहीत नाहीत, त्यांनी चक्क दोन ओळी लिहिल्या. माझ्या नवऱ्याने बोटांनी फोटो मोठा करून माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, “बघ, काय काम केलंय!”

मी दातांची डॉक्टर आहे. माणसांच्या दातांची. श्रीरामपुरात माझा दवाखाना सुरू होऊन वीसेक वर्षं झाली. असे आधीचे आणि नंतरचे फोटो माझ्याकडे ढिगाने पडलेत. त्यातला एक मी ह्याच ग्रुपवर टाकला होता, मिश्री लावून लावून काळ्या पडलेल्या दातांचा. तेव्हा कॉलेजात शिकवणाऱ्या ह्याच नवऱ्याने तिथून फोन करून मला सांगितलं होतं, “अगं, लोक जेवायला बसले असतील. काढून टाक तो.” मी काढून टाकला होता.

नणंद जनावरांची डॉक्टर. सुरुवातीची काही वर्षं तिने पारनेरकडच्या खेड्यांत गाई-शेळ्या तपासण्यात घालवली आणि मग पुण्यात कुत्र्या-मांजरांच्या एका मोठ्या दवाखान्यात ती बरीच वर्षं होती. तिथे तिला दातांच्या कामाची गोडी लागली. लग्न तिने केलं नाही. सासरे गेल्यावर सासूबाईंचं मन लागेना, म्हणून ती श्रीरामपूरला परत आली. आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर दोन गाळे आहेत, वर माझा दवाखाना आणि त्यामागे आमचं राहतं घर. एक गाळा नेमका रिकामा झाला होता. तो तिला द्यायचं ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी नाही म्हणाले नसते.

तिने पाटी लावली. पाटीवर खास ठळक अक्षरांत होतं, ‘लहान कुत्र्यांच्या दातांची तपासणी व सफाई.’ रस्त्याने जाणारे थांबून ती पाटी वाचायचे आणि हसायचे. समोरचा पंक्चरवाला मला म्हणाला, “मॅडम, आता कुत्रीबी दात घासनार व्हय?” मी त्याच्याबरोबर हसले. माझं हसणं त्याच्यापेक्षा थोडं जास्तच लांबलं असावं. मला वाटलं होतं, चार महिन्यांत पाटीवरची ती ओळ जाईल आणि लसी टोचणं, जंताची औषधं देणं एवढंच राहील.

झालं उलटंच. हल्ली घरोघर छोटी कुत्री झाली आहेत. बंगलेवाल्यांकडे, शिक्षकांकडे, कांद्याच्या व्यापाऱ्यांकडे, मळ्यातल्या नव्या घरांमध्येसुद्धा. आणि बारक्या कुत्र्यांचं दुखणं म्हणजे दातच. जबडा एवढासा आणि त्यात दात मात्र मोठ्या कुत्र्याइतकेच, बेचाळीस. ते एकमेकांना खेटून, वाकडेतिकडे उभे राहतात. दुधाचे काही पडतच नाहीत. मधल्या फटींत अन्न अडकतं, किटण साचतं, हिरडी सुजते. मालक येतो तो एकच तक्रार घेऊन, “तोंडाचा फार वास येतो हो.” नणंद त्याला खुर्चीवर बसवून, कुत्र्याचा ओठ वर करून, सगळं शांतपणे दाखवायची. रक्त तपासायची, मग भूल देऊन सफाई करायची. संध्याकाळी ते कुत्रं मालकाच्या खांद्यावर मान टाकून घरी जायचं. दुसऱ्या दिवशी मालक पेढे घेऊन यायचा.

पेढे! माझ्याकडे आलेला माणूस कधी पेढे घेऊन आला नाही. तो येतो गाल धरून, शिव्या आवरत, आणि जातो तो परत तोंड न दाखवण्यासाठी. सफाई करून घ्या म्हटलं की ठरलेलं उत्तर, “नको, दात हलायला लागतात त्याने.” हे मी देवळाली प्रवरेच्या मुख्याध्यापकांकडून ऐकलंय आणि त्यांच्या शिपायाकडूनही.

पुणतांब्याच्या एक बाई माझ्या जुन्या पेशंट होत्या. साठीच्या, हसऱ्या, बोलक्या. हिरड्यांतून रक्त यायचं. दोन वर्षं मी त्यांच्या मागे लागले होते की एकदा सफाई करून घ्या. त्या दर वेळी दिवाळीनंतर, लग्नसराईनंतर, उसाची तोड झाल्यावर असं करत टाळायच्या. एका दुपारी मी गॅलरीत उभी होते तर ह्याच बाई खाली रिक्षातून उतरल्या, पदराखाली एक तपकिरी पिल्लासारखं कुत्रं घेऊन. मला वाटलं, लस असेल. संध्याकाळी त्या वर आल्या, मला भेटायला म्हणून.

“काय केलं त्याला?” मी विचारलं.

“दात साफ केले, डाक्टरीनबाई. काय बेस झालेत! तुमची ननंद लई गुनाची.”

“आणि तुमचे दात?”

त्या लाजून हसल्या. “माजं काय, मी तोंडाला पदर लावून बसते. हे बेनं तर थेट माजं तोंड चाटतंय. वास सहन व्हईना मला.”

त्या गेल्यावर मी बराच वेळ माझ्या खुर्चीकडे बघत बसले, पेशंटच्या, त्या निळ्या रेक्झिनच्या खुर्चीकडे. त्या दिवशी ती रिकामीच होती. खालून कुत्र्यांच्या भुंकण्याचा आणि माझ्या सासूबाईंच्या हसण्याचा आवाज येत होता. सासूबाई हल्ली दुपारभर खालीच बसायच्या. कुणाचं कुत्रं, कुठल्या गावचं, कुठला दात काढला, हे सगळं त्यांना तोंडपाठ. रात्री जेवताना त्या लेकीच्या कामाचं वर्णन करायच्या. “काय नाजूक हात आहे तिचा! एवढ्याशा तोंडात कशी काम करते देव जाणे.” हे त्या ज्या कवळीने बोलायच्या ती मी बनवलेली होती. तीन वेळा माप घेऊन, रंग जुळवून, हिरडीला कुठे टोचतंय ते घासून घासून, मी स्वतः बसवलेली. तिच्याने त्या मटणही खायच्या. त्या कवळीबद्दल त्या आजवर एकच वाक्य बोलल्या होत्या, “आता सवय झाली.”

माझाही एक कुत्रा आहे. पांढरा, केसाळ, मांजरापेक्षा थोडा मोठा, वयाने उतरणीला लागलेला. मुलाच्या हट्टाखातर आणला होता. मुलगा शिकायला बाहेर गेला आणि तो माझा झाला. सकाळी मी दवाखाना उघडला की तो दाराबाहेर चपलांच्या शेजारी पसरायचा आणि मी बंद करेपर्यंत हलायचा नाही. पेशंट त्याला ओलांडून आत यायचे. घरातलं कुणी मला इतका वेळ सोबत करत नव्हतं.

त्याच्याही तोंडाला वास येत होता. मला कळत होतं. नणंदेने एकदा सहज म्हटलं होतं, “वहिनी, ह्यालाही एकदा बघू या का?” मी म्हटलं, “बघू सवडीने.” सवड मला भरपूर होती. पण माझ्या कुत्र्याचे दात तिने साफ करायचे, त्याचे फोटो ग्रुपवर यायचे आणि मी खाली टाळ्या द्यायच्या, हे मला नको होतं.

म्हणून एका दुपारी मी त्याला मांडीवर घेतलं आणि माझं दवाखान्यातलं अवजार घेऊन सुळ्यांवरचं आणि हात पोचेल तिथवर दाढांवरचं किटण हळूहळू खरवडून काढलं. तो पेंगत होता. किटणाचे पापुद्रे निघाले, खालचा दात चमकला, आणि मला इतका आनंद झाला की मी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. ‘घरचा पेशंट,’ असं लिहून. टाळ्या आल्या. मोजक्याच, पण आल्या. सासूबाईंनी अंगठ्याचं चित्र टाकलं.

संध्याकाळी नणंद वर आली. ग्रुपवर तिने काही लिहिलं नव्हतं, हे मी बघून ठेवलं होतं.

“वहिनी, छान दिसतायत दात,” ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, “फक्त जागेपणी नका करू हं. मान झटकली तर हिरडी कापेल. आणि खरं काम हिरडीच्या खाली असतं, ते असं होत नाही.”

हिरडीच्या खाली! जे वाक्य मी रोज येईल त्याला ऐकवते ते ती मला ऐकवत होती. “मला माहीत आहे,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच कडक वाटला. तिने कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती खाली गेली. कुत्रा उठून तिच्या मागे दारापर्यंत गेला. तेही मला आवडलं नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी तो एका बाजूनेच खाऊ लागला. बिस्किट तोंडात धरायचा आणि खाली टाकायचा. मी म्हटलं, वय झालं. मग एका सकाळी मी पेशंटची दाढ भरण्यात गुंतले होते. काम संपवून बाहेर आले तर चपलांशेजारी तो नव्हता. घरात नव्हता, गॅलरीत नव्हता. खाली गेले.

नणंदेच्या टेबलावर तो बसला होता आणि शेजारी माझा नवरा. नणंदेने त्याचं तोंड उघडलं होतं, चांगलं मागच्या दाढांपर्यंत, आणि तो शांत होता. गुरगुर नाही की झटापट नाही. तिच्या डाव्या हातात त्याची हनुवटी अशी विसावली होती की जणू तो तिथेच लहानाचा मोठा झाला होता. माझ्या मांडीवर तो पेंगत असताना मी हळूच ओठ वर केला तरी तो डोळा उघडून बघायचा. आणि इथे हा असा.

“तू कामात होतीस,” नवरा घाईने म्हणाला. “त्याच्या डोळ्याखाली सूज दिसली म्हणून घेऊन आलो.”

“वहिनी, बरं झालं आलात. हे बघा,” नणंद म्हणाली.

मी वाकले. उजव्या डोळ्याखाली बोराएवढी सूज होती. वरच्या मोठ्या दाढेचा बाहेरचा पापुद्रा उडाला होता आणि आतला नाजूक भाग उघडा पडला होता. माणसात असं दिसलं तर मी एका नजरेत सांगते की मुळाशी पू झालाय. इथेही सांगितलं असतं. पण तिने आधी सांगितलं.

“हाड चावून होतं हे,” ती म्हणाली. आम्ही तिघांनीही कोपऱ्यात बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. दर रविवारी मटणाची नळी त्याला कोण घालतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

“माझ्याकडे काय बघता?” सासूबाई म्हणाल्या. “कुत्र्याने हाड नाही खायचं तर काय वरणभात खायचा?”

नणंदेने त्याला सूज आणि दुखणं कमी करायचं औषध सुरू केलं. मग माझ्याकडे वळली. “दाढ काढावी लागेल. पण आतलं दिसल्याशिवाय मी हात लावणार नाही. दातांचा एक्स-रे माझ्याकडे नाही. अशी केस मी पुण्याला पाठवते. ह्याचं वय बघता एवढा प्रवास नको वाटतो.” ती जरा अडखळली. “तुमचं मशीन रविवारी खाली आणाल का?”

इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं होतं. मी लगेच हो म्हणायला हवं होतं, कुत्रा माझा होता. मी म्हणाले, “बघते.” वर जाताना मात्र कोणती केबल लागेल, लॅपटॉप कुठे ठेवायचा, हे सगळं माझ्या डोक्यात जुळून गेलं होतं.

रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर आम्ही घरी आलो. स्वयंपाकघरात त्या दिवशी मटण नव्हतं. सासूबाई स्वतःच म्हणाल्या होत्या, आज भाजीच करा. कुत्र्याला खाली नेण्याआधी त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि मोठ्याने प्रार्थना केली. “प्रभू, ह्या मुक्या जिवाला सांभाळ. माझ्या लेकीचे हात तू धर.” मी एका हातात एक्स-रेचं मशीन आणि दुसऱ्यात लॅपटॉप घेऊन शेजारीच उभी होते. माझ्या हातांचा उल्लेख येतो का, म्हणून मी आमेनपर्यंत वाट पाहिली. आला नाही.

नणंदेने त्याच्या पुढच्या पायाचे थोडे केस काढून शिरेत सुई लावली. औषध गेलं तसा तो माझ्या हातांवर हळूहळू जड होत गेला. डोळे उघडेच राहिले, पण त्यात तो नव्हता. तिने श्वासनलिकेत नळी घातली, म्हणजे तोंडातलं पाणी फुप्फुसात जाणार नाही. जिभेला एक चिमटा लावला, त्यातून नाडीचा आवाज येऊ लागला. गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून त्याच्या दोन्ही कुशींना ठेवल्या. “बारकी कुत्री भुलेत फार लवकर गार पडतात,” ती म्हणाली. नवऱ्याला तिने बाटल्या बदलायच्या कामाला लावलं.

मी एक्स-रे काढले. ते माझं काम होतं आणि ते मी चांगलं करते. माणसाच्या तोंडासाठीचा सेन्सर त्याच्या तोंडात तिरका करून बसवावा लागला. पडद्यावर वरच्या दाढेची तीन मुळं आली, एकाच्या टोकाशी काळं वर्तुळ. अपेक्षेप्रमाणेच होतं. मग मी सगळ्याच बाजूंचे फोटो घेतले. खालच्या जबड्याचा आला तेव्हा आम्ही दोघी एकदम पुढे झुकलो.

डाव्या बाजूच्या खालच्या मोठ्या दाढेभोवतीचं हाड जवळजवळ खाऊन संपलं होतं. दाढ फक्त हिरडीच्या भरवशावर उभी होती आणि तिच्या मुळाखाली जबड्याची एक बारीकशी पट्टी उरली होती. वरून ती दाढ चांगली दिसत होती. त्या दुपारी मी तिच्याचवरून अवजार फिरवलं असणार.

“ही काढताना जबडा मोडू शकतो,” नणंद हळूच म्हणाली.

“आणि ठेवली तर एक दिवस आपोआप मोडेल,” मी म्हणाले.

तिने मान हलवली. आधी वरची दाढ घेतली. मुळाजवळ बधिर करायचं इंजेक्शन दिलं, दात कापायच्या बारीक फिरत्या टोकाने दाढेचे तीन तुकडे केले आणि एकेक मूळ सुटं करून काढायला लागली. मी तिच्या हातांकडे बघत होते. दुसऱ्याचं काम आपण सहज बघतो तसं नाही, चूक शोधत. कुठे घाई करते, कुठे ओढते, कुठे अवजार चुकीचं धरते. तिने काहीच चुकीचं केलं नाही. जिथे मी जोर लावला असता तिथे ती थांबत होती. अवजार नुसतं धरून ठेवत होती आणि मूळ आपणहून सैल व्हायची वाट बघत होती. मला हे कॉलेजात एका सरांनी शिकवलं होतं. बाहेर पेशंटची रांग असते आणि खुर्चीतला माणूस ओरडत असतो, तिथे ते माझ्या हातून कधीच सुटून गेलं होतं. तिसरं मूळ निघालं तेव्हा मी तोंड फिरवून उगाच लॅपटॉप सरळ केला. कौतुक होतं ते, पण त्या वेळी मला ते कौतुकासारखं मुळीच वाटलं नाही.

तिने टाके घातले. मग खालच्या दाढेपाशी आली आणि थांबली. अवजार हातात तसंच. नाडीचा आवाज टिक टिक चालू होता.

“वहिनी,” ती म्हणाली, “ही तुम्ही काढता का? तुमच्या हातून हजारो निघाल्या असतील.”

मी त्याच्या जबड्याखाली बोट नेलं. कातडीखाली ते हाड बोटाला लागलं, आगकाडीपेक्षा थोडं जाड. किती दिवस मी ह्याच क्षणाची वाट बघत होते म्हणाना. तिने मागितलं होतं, नवरा समोर होता, दाराआड सासूबाई होत्या. माझा हात अवजाराकडे गेलासुद्धा. पण माणसाच्या जबड्यात माझ्या मनगटाला जी सवय आहे ती ह्या हाडाला झेपणारी नव्हती. हे मला डोक्याने नाही, बोटाने कळलं.

“नाही,” मी म्हणाले. “तू काढ. मी जबडा धरते.”

मी दोन्ही हातांची बोटं त्याच्या खालच्या जबड्याला दोन्हीकडून लावली, अंडं धरावं तशी. तिने ती दाढही मधून दुभागली. एक मूळ लगेच आलं. दुसरं येईना. ती हलकेच फिरवायची आणि मला माझ्या बोटांत हाड वाकतंय की काय असं वाटायचं. “थांब,” मी म्हणायचे. ती थांबायची. “आता कर.” ती करायची. किती वेळ असा गेला सांगता येणार नाही. माझ्या कपाळावरचा घाम नवऱ्याने त्याच टॉवेलने पुसला. मग एकदम तिच्या अवजाराच्या टोकावर ते मूळ होतं आणि माझ्या बोटांमधला जबडा शाबूत होता. मी पुन्हा एक्स-रे काढला. ती बारीक पट्टी अखंड होती.

बाकीच्या दातांची सफाई तिने केली, हिरडीच्या खालीसुद्धा, आणि पॉलिशही. मग आम्ही त्याला ब्लँकेटमध्ये गुंडाळून त्याच्या जागं होण्याची वाट बघत जमिनीवर बसलो. नवरा वर चहा करायला गेला. नणंदेने भिंतीला डोकं टेकलं.

“मी घाबरले होते,” ती म्हणाली.

“दिसलं नाही.”

“तुम्ही समोर होतात ना. तुमच्यासमोर चुकायचं नव्हतं मला.” ती डोळे मिटूनच बोलत होती. “तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी कॉलेजात होते, आठवतं? आई चर्चमध्ये सगळ्यांना सांगायची, सून दातांची डॉक्टर आहे. माझ्याबद्दल कुणी विचारलं की म्हणायची, ती पण काहीतरी डॉक्टरकीच करते. म्हशींची डॉक्टर म्हणायला लाज वाटायची तिला. मी पारनेरला असताना एकदा ती आली होती. मी गोठ्यात खांद्यापर्यंत हात घालून गाय तपासत होते. ते बघून ती रडली. म्हणाली, वहिनीसारखं स्वच्छ काम का नाही शिकलीस? दातांकडे मी का वळले असेन असं तुम्हाला वाटतं?”

इथे मी तिचा हात हातात घेतला असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. घेतला नाही. मला आतून बरं वाटत होतं, अगदी उघड, निर्लज्जपणे बरं. म्हणजे इतकी वर्षं कुणीतरी माझ्यावर जळत होतं! माझ्या त्या निळ्या खुर्चीवर, माझ्या पांढऱ्या कोटावर! कुत्रा वाचल्याच्या आनंदात हा दुसरा आनंद मिसळला आणि मला दोन्ही वेगळे करता येईनात.

“आई कवळीबद्दल कधी काही बोलल्या नाहीत मला,” मी शेवटी म्हणाले.

तिने डोळे उघडले. “तुमच्याजवळ? मला तर पुण्याला फोन करून करून सांगायची. हे खाल्लं, ते खाल्लं, तुझ्या वहिनीने तोंड परत दिलं म्हणून. डोकं उठायचं माझं.”

मग आम्ही दोघीही हसायला लागलो, आणि त्या आवाजाने की काय, कुत्र्याची शेपटी ब्लँकेटखाली हलली. नणंदेने त्याला हाक मारली. मीही मारली. त्याने जड डोळे उघडले, मान उचलायचा प्रयत्न केला आणि तिच्या मांडीवर टाकली. ती जवळ बसली होती म्हणून असेल. मी तसंच धरून चालले.

सूज चार-पाच दिवसांत गेली. मऊ भात आणि चिकनचं पाणी एवढ्यावर तो काही दिवस राहिला आणि मग असा धावू लागला की कित्येक दिवस त्याला किती दुखत असेल ते आम्हाला तेव्हा कळलं. वास पूर्ण गेला. सासूबाईंनी हाडं बंद केली, निदान आमच्या देखत तरी. पुण्याला पाठवायच्या काही केस आता रविवारी दुपारी खालीच होतात. मी मशीन घेऊन उतरते. मालक जाताना नणंदेचे पाय धरायला वाकतात आणि मला म्हणतात, “ताई, तुमची पण मदत झाली.” मी हसून मान हलवते. आत काय होतं ते माझं मी बघते.

नणंदेने सांगितलं की सफाई केली तरी रोज ब्रश करायलाच हवा, नाहीतर किटण पुन्हा चढतं. तिने छोटा ब्रश आणि कुत्र्यांची वेगळी पेस्ट दिली, चिकनच्या वासाची. माणसांची पेस्ट त्यांच्या पोटाला चालत नाही. मी पहिल्या दिवशी ब्रश तोंडाजवळ नेला तर त्याने दात आवळून घेतले आणि मान फिरवली. “आधी नुसतं बोट चोळा हिरडीवर,” ती म्हणाली. “आठवडाभर बोटच. मग ब्रश.” तिने सांगितलं तसंच केलं, जसंच्या तसं.

आता तो मला ब्रश करू देतो. सकाळी दवाखाना उघडण्याआधी मी त्याला मांडीवर घेते, ओठ वर करते, बाहेरच्या बाजूने गोल गोल फिरवते. काढलेल्या दाढांच्या जागी हिरडी छान भरून आली आहे, त्यावरून बोट फिरवते. तो मुकाट बसतो, पण त्याचे कान जिन्याकडे असतात. खाली शटर वर गेल्याचा आवाज आला की तो माझ्या हातून निसटतो आणि ओठाला पेस्टचा फेस तसाच घेऊन पायऱ्या उतरतो. खालून नणंदेचा आवाज येतो, “आलास का रे राजा?” मी ब्रश धुते, खुंटीला लावते, आणि पहिल्या पेशंटला आत बोलावते.